जमशेद पिंजाऱ्याचं घर पाहणं

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागच्या बोळात जमशेदचं गादीघर आहे. गादीघर कसलं, एक लांबट खोली! पुढं कापूस पिंजायचं मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागं संसार. अर्ध्या गावाची पाठ त्यानं भरलेल्या गाद्यांवर टेकते. माणूस भला, हाताचा साफ. पण घाबरट असा की विचारू नका. दुकानाला कुलूप लावेल, ओढून पाहील, आणि अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पुन्हा ओढेल.

यंदा मात्र त्याच्या घाबरण्याला कारण होतं. त्याच्या बायकोला, अन्वरीला, दम्यानं धरलं होतं. मशीन सुरू झालं की कापसाची बारीक धूळ पडद्याला जुमानायची नाही. रात्री ती उशीला टेकून बसायची आणि हा तिची धाप ऐकत छताकडं बघत पडायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "कापूस तरी हलवा, नाहीतर बाईंना तरी. आणि ओलीपासून जपा." कापूस सोडला तर खायचं काय? म्हणून घर बदलायचं ठरलं.

गावाबाहेर कारंजा रोडला बबनरावांचं जुनं कवेलूच्या छपराचं घर विकायला निघालं होतं. बबनराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते आणि बेबीबाई आता मुलाकडं अकोल्याला जाणार होते. घर बेताचंच, पण आवार काय ऐसपैस! दोन कडुलिंब, सीताफळाचं झाड, आणि पार टोकाला मोकळी जागा. मशीन तिथं मांडलं तर धुळीचा कणही घरात येणार नाही. जमशेदला घर बघताक्षणी आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तो खोट शोधू लागला. भिंतींना ताजा चुना होता. विकायच्या घराले चुना काहून? आत ओल असली तर? धुळीतून काढून अन्वरीला ओलीत नेऊन घालायचं की काय?

आता बाबा, सरळ विचारावं ना! पण नाही. 'इचारलं अन् बबनरावाले राग आला तं? दुसऱ्याले देऊन टाकलं तं?' असं मनाशी घोळवत त्यानं आपल्याच धंद्यातली शक्कल काढली. संध्याकाळी माप घ्यायच्या निमित्तानं गेला आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून खोल्याखोल्यांच्या कोपऱ्यांत कापसाचे बोळे सरकवून आला. रातभर ओलीत राहिलेला कापूस दाबला की परत फुलत नाही. हे त्याच्या बोटांना बरोबर कळतं. सकाळी अन्वरीला घर दाखवायला न्यायचं आणि हळूच बोळे चाचपायचे, असा बेत. त्या रात्री अमावस्या होती, हे मात्र या शहाण्याच्या गावीही नव्हतं.

सकाळी नवराबायको पोचले तर उंबऱ्याशी शेगडी धुमसत होती, बेबीबाईचं तोंड उतरलेलं, बबनराव शेगडीला वारा घालत बसलेले. पुढच्या खोलीत बसवून बेबीबाई म्हणाली, "जमशेदभाऊ, हे घर तुमी घेऊ नका."

जमशेद बसल्या जागेवरून उठलाच. "काहून, माय?"

"कोनीतरी करनी केली आमच्यावर. अमावस्येच्या राती कोपऱ्याकोपऱ्यात कापूस ठेवला कोन्या मेल्यानं! आमी तं चाललो, पन जानूनबुजून तुमच्या गळ्यात कसं घालू? बायको आजारी तुमची."

त्या मेल्यानं चोरून कोपऱ्याकडं पाहिलं. "मंग... तो कापूस कुठी हाये?"

"जाळला! मीठ-मिरच्या ओवाळून घरावरून उतरवला." असं म्हणत तिनं मुठीतल्या उरलेल्या मिरच्याही शेगडीत टाकल्या.

नजर लागलेली असली की मिरचीचा ठसका लागत नाही म्हणतात. इथं असा ठसका उठला की सांगता सोय नाही! धूर सरळ आत आला. अन्वरी खोकू लागली, मग खोकणंही थांबलं आणि नुसतीच शिट्टीसारखी धाप. डोळे मोठे झाले, ओठ निळसर. "या अल्ला!" जमशेदनं तिला कवेत धरलं आणि धुरापासून लांब, मागच्या खोलीतल्या खाटेकडं ओढत नेलं.

"तिथी नका नेऊ!" बेबीबाई किंचाळली. "त्या खोलीत ओल हाये! मरन ते पोरगी!"

बबनरावांनी मान खाली घातली. बेबीबाईनं जमशेदला बाजूला ढकललं, अन्वरीला मागच्या दारानं बाहेर काढलं, कडुलिंबाखाली बसवलं आणि तिची पाठ चोळत बसली. जमशेदनं खिशातला दम्याचा फवारा तिच्या तोंडाशी धरला. वारा मोकळा होता. किती वेळ गेला कोण जाणे; जमशेदला तर जन्म गेल्यासारखं वाटलं. हळूहळू तिची छाती शांत झाली, तसा तो तिच्याशेजारी बसला आणि रडला. रडता रडताच म्हणाला, "माय, करनी नाही कोनी केली. कापूस माया होता. ओल पाहाले ठेवला होता मी."

"अरे, तोंडानं इचारता येत नव्हतं का तुले?" बबनराव कडाडले. आणि दुसऱ्याच क्षणी मऊ पडले. चुना त्यांनीच तर मारला होता. कोण कोणाला बोलणार!

जमशेदनं डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सरळ विचारलं, "काका, अजून काय-काय खराब हाये?"

बबनराव त्याला घरभर घेऊन फिरले. इथी गळते. हे दार पावसाळ्यात लागत नाही. या वाश्याले वाळवी हाये. मागची खोली तं पाडूनच टाक. एकेक खोड ऐकताना जमशेदचा जीव उलट जाग्यावर येत होता. परत आला तेव्हा अन्वरी झाडाखालून सगळं आवार न्याहाळत होती.

"मशीन कुठी ठेवसान?" तिनं बसल्या आवाजात विचारलं.

त्यानं पार टोकाकडं बोट दाखवलं.

"लय दूर होते जी. तिथून तुमचा आवाजबी नाही येनार मले."

"नाही आला तं नाही आला," जमशेद म्हणाला. "रातच्याले तुई धाप नाही आयकू आली म्हंजे झालं."