म्हाताऱ्यांच्या शिट्ट्या

गावातल्या म्हाताऱ्यांना शिट्ट्या वाटायच्या, हे बचत गटाच्या बैठकीत ठरलं तेव्हा मी तिथेच होते. बैठकीत मी कधीच बोलत नाही, सतरंजीच्या काठाचे धागे ओढत बसते.

त्याआधी तालुक्याहून एक मॅडम येऊन गेल्या होत्या. घरात म्हाताऱ्या माणसांचे हाल होत असतील तर गावानेच लक्ष ठेवायला पाहिजे, त्यासाठी कायदा आहे, फोन नंबर आहे, असं त्यांनी सांगितलं. पण आमच्या म्हाताऱ्यांकडे कुठले फोन? म्हणून आम्ही बायांची समिती केली आणि अध्यक्षबाईंनी चंद्रपूरच्या बाजारातून प्लास्टिकच्या शिट्ट्या आणल्या. कोणी मारलं, उपाशी ठेवलं, टाकून बोललं की वाजवायची. आम्ही धावत जाऊ.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आली नाही. आमचं गाव जंगलाला लागून. वाघ दिसला की शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी काठ्या, डबे घेऊन निघायचं, ही गावाची रीत. पोरासोरांनाही ठाऊक. आणि आम्ही बाया दीड तास भांडलो ते शिट्ट्या लाल घ्यायच्या की हिरव्या यावर.

पहिल्याच दुपारी नळाजवळच्या आबाजींनी शिट्टी फुंकली. अर्धं गाव काठ्या घेऊन त्यांच्या अंगणात. एक जण तेलाचा पिपा बडवत होता.

"कुठी हाय वाघ?"

आबाजी बाजेवर मांडी घालून बसलेले. "वाघ नाई. सुनेनं अजून चहा नाई देल्ला."

सून आतून म्हणाली, "दोन कप तर पेले."

"थे सकाळचे होते."

पुन्हा बैठक झाली. वाघाची एक लांब शिट्टी, म्हाताऱ्यांच्या तीन छोट्या, असं ठरलं. पण ज्यांना दात नव्हते त्यांची हवा बाजूने निघून जायची, आणि ज्यांना दम नव्हता ते एकीवरच थांबायचे. एका आजीने, नवरा दुपारचा घोरतो म्हणून, मोजून तीन वाजवल्या. समितीच्या दोघी जाऊन त्याला कुशीवर वळवून आल्या.

सगळ्यांनी वाजवली, फक्त माझ्या शेजारच्या आजीने नाही. आणि खरी गरज तिलाच होती. मुलाने तिची बाज शेळ्यांच्या कोठ्यात टाकली होती. धान कापून झाल्यावरची थंडी होती. तिचा खोकला मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि तो रोज खोल जात होता. दिवसातून एकदा ताटली मिळायची, तीही उरल्यासुरल्या भाताची. समिती विचारायला गेली तर मुलगा म्हणाला, "तिलेच आवडते तिथी. शेळ्याइचा लळा हाय." आजीने मान हलवली. समितीने वहीत लिहिलं, आवडते.

शिट्टी तिने शेळीच्या पिलाच्या गळ्यात बांधून टाकली होती.

मी रोज वाटीभर भाजी नेऊन तिच्याजवळ बसायचे. एकदा हळूच विचारलं, "काऊन नाई वाजवत आजी?"

"पोराची इज्जत जाते ना बाई, साऱ्या गावासमोर."

अध्यक्षबाई मला म्हणायच्या, "तू शेजारीण. बैठकीत तोंड उघड, मंग पाहू आपण त्याच्याकडे." मी घरी भांड्यांसमोर बोलून पाहायचे. भांडी नीट ऐकायची. बैठकीत गेलं की सतरंजी उसवायची.

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मी वाटी घेऊन कोठ्यात बसले होते. मुलगा आला. त्याने नवी मोटारसायकल घेतली होती आणि दवाने सीट खराब होते म्हणे. त्याने आजीच्या अंगावरची घोंगडी ओढली, कोठ्याच्या दाराशी उभ्या गाडीवर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली आणि आजीकडे एक रिकामं पोतं टाकून घरात गेला. मी तिथे आहे हे त्याने हिशेबातच धरलं नाही.

आजी पोतं गळ्यापर्यंत ओढून खोकत राहिली. मी पिलाच्या गळ्यातली शिट्टी सोडली, अंगणात आले आणि ती तोंडात घातली. चव शेळीचीच. तीन छोट्या वाजवायच्या हे मला पक्कं ठाऊक होतं. पण भीतीने सगळा श्वास एकदम सुटला आणि एकच वाजली, लांबच लांब.

काठ्या, डबे, पिपा, सगळं आलं. "कुठी हाय?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कोठ्याकडे बोट दाखवलं.

लोक दोन पावलं मागे सरले. शेळ्यांच्या कोठ्यात वाघ, यात नवल काय. अंधुक उजेडात दाराशी काहीतरी घोंगडीखाली दबा धरून बसलेलं. एका धीट माणसाने काठी घातली. आतून काच फुटल्याचा आवाज आला.

मुलगा धावत बाहेर आला. "माही गाडी हाय थे."

अध्यक्षबाईंनी घोंगडी उचलली, गाडी पाहिली. मग कोठ्यात वाकून पोत्यातली आजी पाहिली. "गाडीले थंडी लागते काय गा?"

लोक हसले, मग एकेक करून कोठ्यात डोकावले.

"तिलेच आवडते तिथी," मुलगा म्हणाला.

अध्यक्षबाई आजीच्या बाजेवर जाऊन बसल्या. "तू सांग बाई."

आजीने दाराशी दाटलेली तोंडं एकेक करून पाहिली. "आता तर सारं गाव आलंच," ती म्हणाली. "मंग सांगतो. मले नाई आवडत. शेळ्या अंगावर मुततात."

चौघांनी बाज तिच्यासकट उचलली. घराच्या दारात ती अडकली. आडवी केली, तिरपी केली, आजी दोन्ही हातांनी घट्ट धरून "खाली पाहा, खाली पाहा" सांगत होती. शेवटी समोरच्या खोलीत, टीव्हीपुढे टेकवली. आता आळीपाळीने रोज एक बाई त्या घरी जाऊन बसेल, असं अध्यक्षबाईंनी मुलाला तिथेच ऐकवलं.

पहिली पाळी माझी. आजी घोंगडीत होती. खोकला होताच. सुनेने माझ्यापुढे चहाचा कप आदळला, आजीपुढेही एक आदळला. साखर नव्हती. मी सगळा प्यायले.

सून आत गेल्यावर आजी म्हणाली, "पाळी नसली तरी येत जा. तू आली का मलेबी चहा भेटते."