पाहुण्यांनी पाणी मागितलं

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि पाहुण्याचा अडकित्ता तोडणाराही मीच पहिला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या.

आम्ही गडमुडशिंगीचे लोहार. महाराजांच्या राज्यात आमच्यासारख्यांच्या मुलांना कोल्हापुरात बोर्डिंगची सोय झाली, म्हणून मी शिकू शकलो. अभ्यास बुडू नये म्हणून आबांनी मला लहानपणापासून भट्टीपासून लांब ठेवलं. भाता ओढायची ती माझी धाकटी बहीण हौसा. पण त्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा आबा गावभर सांगत होते, "आमचा बाळू पोलादाचं इंग्रजी पुस्तक वाचतोय!"

(वाचलं होतं हे खरं. एकच प्रकरण, तेही अर्धं. पोलाद लालभडक तापवून एकदम गार पाण्यात बुडवलं की अतिशय कठीण होतं, म्हणजे आम्ही लोहार हत्याराला 'पाणी देतो' तेच, इथवर आलो होतो. पुढचं पान उलटायच्या आत पुस्तक परत करावं लागलं!)

एके दिवशी कागलहून हौसाला बघायला पाहुणे येणार होते. तेही लोहारच. घर चांगलं होतं, आणि मुलगा हौसानं जत्रेत लांबून बघून ठेवला होता. गाडी संध्याकाळी यायची होती. दुपारी आबा विहिरीवर आंघोळीला निघाले.

"बाळू, तू भट्टीपाशी बस. गिऱ्हाईक आलं तर गोड बोल. आन् कशाला हात लावू नगंस!"

ते गेले आणि थोड्याच वेळात एक पटकेवाले गृहस्थ घामाघूम होऊन आले. खांबापाशी बसले, सुपारी फोडायला कमरेचा अडकित्ता काढला, पण दमल्यामुळे तो तसाच ऐरणीवर ठेवला.

"पोरा, पाणी दे की जरा."

मी ताडकन उठलो. अडकित्त्याला पाणी! आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला माझ्या विषयातलं काम सांगत होतं!

"गार देऊ का कोमट?"

"गार दे. थंडगार!"

"एकदा देऊ का दोनदा?"

ते हसले. "दोनदा दे बाबा. लांबनं चालत आलोय."

(चालण्याचा आणि अडकित्त्याचा काय संबंध, असा प्रश्न मला पडला. पण मोठ्या माणसाला कसं विचारायचं?)

"जरा वेळ लागंल."

"लागू दे की," असं म्हणून त्यांनी पटका डोळ्यांवर ओढला आणि ते खांबाला टेकून घोरू लागले.

मी भाता ओढला. पातं लालभडक झालं. पाण्यात बुडवलं, चर्रर्र! पुन्हा तापवलं, पुन्हा चर्रर्र! मग ते घासूनपुसून लख्ख केलं आणि ऐरणीवर ठेवलं. इतक्यात पाहुणे जागे झाले.

"पोरा, पाणी?"

"दिलं की! दोनदा दिलं!"

"कवा? माझ्या घशाला तर कोरड हाय!"

"घशाला न्हाय, अडकित्त्याला दिलं. फोडून बघा की सुपारी!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अडकित्त्याकडे बघितलं आणि सुपारी धरून दाबली. खट्! सुपारी शाबूत राहिली. पात्याचं टोक मात्र उडालं आणि आई पाण्याचा जो तांब्या घेऊन दारातून बाहेर येत होती, त्यावर जाऊन टण्णकन आदळलं! आईच्या हातून तांब्या पडला. म्हणजे खरं पाणीही गेलं!

"माझ्या बापाचा अडकित्ता!" पाहुणे ओरडले.

"बाळू! आरं, ह्येच कागलचं पावणं!" आई ओरडली.

ओल्या धोतरानं आबा धावत आले, तोवर पाहुणे उठून उभे होते. "गाडी मागनं येतीया, ती तशीच माघारी फिरवतो. शिकल्यालं पोरगं ह्ये असलं, मग पोरगी कसली असंल?"

ते ऐकून हौसा घरातून बाहेर आली. अंगावर नवं लुगडं, केसांत अबोली. खाली मान घालून बसायचं ते सोडून तिनं पदर खोचला.

"दादा, सरक!"

तुटलेलं पातं तिनं दगडावर घासलं. मग निखाऱ्यात एक लोखंडी पट्टी तापवली आणि पातं तिच्यावर धरलं.

"दादा, नुसतं पाणी दिऊन भागत न्हाय. त्यानं पातं काचंगत हुतंय. मग ह्ये असं मंद शेकून उतरवायचं. गुळाचा रंग आला की काढायचं. काकवीचा आला तर मऊ पडलं."

गुळाचा रंग आला. हौसानं पातं काढलं, गार होऊ दिलं आणि अडकित्ता पाहुण्यांच्या हाती दिला. कट्! सुपारीची दोन भकलं झाली.

"पोरी, कुनी शिकवलं?"

"भात्यानं," हौसा म्हणाली आणि मग तिला लाजायची आठवण झाली.

पाहुणे खाली बसले. "चूक माजीबी हाय. लोहाराच्या दारात नुसतं पाणी मागाय नगं हुतं. पोरगी पसंत! अडकित्ता तेवढा ह्या आमच्या नव्या पावण्यापास्नं लांब ठिवतो."

आबांनी हात जोडले. "ह्येलाबी आमी लई तापवला, पाणीबी दिलं. उतरवायचं तेवढं ऱ्हायलं बघा!"

हौसा आता कागलला सुखात आहे. मी तिच्याकडे जातो तेव्हा दारात पाऊल टाकायच्या आधीच स्पष्ट सांगतो, "प्यायला पाणी द्या." तरीसुद्धा मला बघताच तिचे सासरे अडकित्ता कमरेला खोचून ठेवतात.