माथ्यावरून दिसणारा समुद्र

जुलै संपत आला होता. मस्कतमधल्या अझैब्यातून आम्ही पहाटे निघालो, तेव्हाही गाडीचं स्टिअरिंग हाताला गरम लागत होतं. मागे मुग्धा, माझी पंधरा वर्षांची मुलगी, पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

मागच्या उन्हाळ्यात ती आणि तिची आई, सुनंदा, शाळेतल्या मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर सलालाला गेल्या होत्या. मला रुसैलच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही. परत आल्यावर सुनंदाने एका टेकडीचं वर्णन केलं होतं. माथ्यावर एकच वाकडं झाड, त्याच्याखाली बसलं की समुद्र दिसतो. निळा नाही, रुपेरी. आणि त्यावर दोन होड्या, एक पुढे, एक मागे. “पुढच्या वर्षी तू यायचंसच,” ती म्हणाली होती. हिवाळ्यात ती आजारी पडली आणि उन्हाळा लागायच्या आत गेली. तिने पाहिलेला समुद्र मला पाहायचा होता, म्हणून हा प्रवास.

रस्ता दिवसभराचा. आदम गाव मागे पडल्यावर नुसतं सपाट वाळवंट, एका रेषेत गेलेलं. हैमाला एका मलबारी हॉटेलात पराठा, अंड्याची भाजी आणि सुलेमानी (बिनदुधाचा चहा) घेतला. मुग्धा मोबाईलमध्ये होती. घरातलं मराठी सुनंदाबरोबर गेलं होतं. आम्ही दोघं लागेल तेवढंच बोलायचो.

थुमरैतच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला आणि काही मिनिटांत ऊन विझलं. काचेवर बारीक थेंब आले. एसी बंद करून खिडकी उघडली, तर ओल्या गवताचा आणि शेणाचा वास आत आला. हाच इथला खरीफ (दक्षिण ओमानचा पावसाळी हंगाम). बाहेर सगळे डोंगर हिरवे, आणि रस्त्याच्या मधोमध उंट, कुणाचीही पर्वा न करता उभे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धाने टेकडी ओळखली. फार उंच नव्हती, पण चिखल साबणासारखा होता. मी ऑफिसचे बूट घालून आलो होतो. पहिल्याच चढावर गुडघ्यावर आपटलो.

“बाबा, कोण घालतं हे शूज?” ती हसली आणि हात पुढे केला. हात धरूनच आम्ही वर गेलो. गवत पोटऱ्यांना लागत होतं. कुठेतरी गाई हंबरत होत्या, पण दिसत नव्हत्या.

झाड होतं. वाकडंच होतं. त्याच्यापुढे मात्र पांढरं धुकं, भिंतीसारखं.

झाडापासून थोड्या अंतरावर एक कुटुंब चटई अंथरून भुरभुर पावसात मजेत बसलं होतं. त्यातल्या आजोबांनी हाक मारून आम्हाला खजूर आणि कहवा (वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी) दिला. ते सूर नावाच्या बंदरगावचे निघाले, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातले. हिंदी मस्कतच्या बाजारात शिकले होते. समुद्र केव्हा दिसेल, असं मी त्यांना विचारलं.

“समंदर? खरीफ में?” ते आपल्या मुलांकडे वळून अरबीत काही बोलले, सगळे खदखदून हसले. “सदीक (मित्रा), लोग इधर ये सफेद देखने आता है. समंदर अक्टूबर में देखो.”

“पण दो नाव दिखती हैं ना?”

“नाव खलास! अभी पानी बहुत गुस्सा. मच्छीवाला सब घर में बैठा, बीवी का डाँट खाता.”

मी मुग्धाकडे पाहिलं. ती गवताची काडी सोलत होती.

“वी सॉ नथिंग, बाबा. सगळं असंच होतं. व्हाइट.” ती थांबली. “आईने सांगितलं, तुला बोलायचं नाही.”

“का?”

“ती म्हणाली...” आणि मग मुग्धा एका दमात म्हणाली, “नुसतं धुकं आहे म्हटलं तर हा माणूस पुस्तक घेऊन घरीच बसेल. होड्याबिड्या सांगते, म्हणजे झक मारत येईल.”

मुग्धाचं मराठी एरवी अडखळतं. या वाक्यात ती कुठेही अडखळली नाही. शब्द सुनंदाचे होते, हेलही तिचाच.

मला हसू आलं, आणि ते हसण्यावर थांबलं नाही. आजोबांनी काही न विचारता माझा पेला पुन्हा भरला. धुक्याच्या पलीकडे, खाली कुठेतरी, समुद्र गर्जत होता. सुनंदानेही तेवढाच ऐकला असणार. त्या दिवशी इथे बसून ती होड्या रचत होती, माझ्यासाठी.

उतरताना मी विचारलं, “आणखी काय म्हणायची आई माझ्याबद्दल?”

“खूप काय काय. तुला राग येईल.”

“येऊ दे.”

परतीच्या वाटेवर वाळवंट तेच होतं, ऊनही तेच. मुग्धा बोलत होती. शब्द सापडला नाही की इंग्रजी घालायची, पण आईचं वाक्य आलं की सरळ मराठीत सांगायची. माझ्या घोरण्याची नक्कल आई कशी करायची, माझी पुस्तकं रद्दीत द्यायची धमकी कशी द्यायची. जे घरात रोज कानावर पडत होतं आणि मी पुस्तकातून मान वर काढून ऐकलं नव्हतं, ते आता हवंहवंसं झालं होतं.

मस्कतचे दिवे दिसू लागले, तेव्हा तिची एक गोष्ट अजून अर्धी होती. मागून गाड्या हॉर्न देत पुढे जात राहिल्या. मी गाडी आणखी हळू केली.