सगळ्या पेशी वाया गेल्या

१९९१च्या जानेवारीत रत्नमालाचं पत्र आलं आणि देवाजी रामटेक्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. मुलगी नागपुरात प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. पत्रात जेमतेम तीन ओळी होत्या: ‘यावेळच्याही सगळ्या पेशी वाया गेल्या. सरांनी शेवटची संधी दिली आहे. नाही जमलं तर सोडून घरी येते.’

देवाजींना पेशी एकच ठाऊक, कोर्टातली. त्यांच्या बापाची अर्धी उमर तारखा आणि पेश्या करण्यात गेली होती. पोरीनं नेमकं केलं काय, हे विचारायचीही चोरी. शेवटी सायकल काढून ते सुपेल्याच्या दौलतराव वकिलांना भेटले आणि शनिवारी रत्नमाला सुट्टीला यायच्या वेळेला त्यांना हुडको वसाहतीतल्या आपल्या घरी आणून बसवलं. ती दारात चपला काढते तोच वकील म्हणाले, “केस दिवाणी का फौजदारी?”

खुलासा व्हायला पाव तास लागला. वकील पोट धरून हसले, चहा पिऊन गेले. देवाजींना मात्र हसू आलं नाही. पोरगी सुकली होती. पाच वर्षं घासून रिकाम्या हातानं परत येणार, हे त्यांना सहन होईना.

“कोर्ट नाही, तं मंग सोडून कावून देऊन राहिली?”

“बाबा, शरीराच्या पेशीत लहान लहान भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया. तिथलं प्रथिन बिघडलं का आतलेच कापणारे त्याचे तुकडे करतात. ते बिघडलेलं प्रथिन रोगाशी लढणाऱ्या पहारेकरी पेशी ओळखतात का, हे मले पाहाचं आहे. म्हणून मी औषध टाकून कापणारे बंद केले. खराब माल आत साचन, मंग पहारेकऱ्यांले दिसन. पण ते पाहूनच नाही राहिले.”

देवाजी बावीस वर्षांपासून पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, म्हणजे रूळ बनतात त्या विभागात, तपासणीवर होते. कामाचं बोलणं निघालं की त्यांचा आवाज आपोआप मोठा व्हायचा.

“अख्खा रूळ आमी टेस्टिंगले नेतो का वो? आरीवाला टोकाचा तुकडा कापते, तो नेतो. तू तं आरीवाल्यालेच सुट्टी देऊन टाकली. तपासणारा पाहीन काय, तुयं डोस्कं?”

 गाडीभर पुस्तकं वाचली होती रत्नमालानं, सरांनी तर त्याहून जास्त, आणि पहारेकऱ्यांनाही कापलेला तुकडाच दिसत असेल, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. रविवारचं मटण टाकून ती सकाळच्याच गाडीनं नागपूरला गेली. देवाजी स्टेशनवर सोडायला गेले, पण आपण काय बोलून बसलो याची धाकधूक त्यांना दीड-दोन महिने पुरली.

मार्चमध्ये मिलच्या ऑफिसात त्यांच्यासाठी फोन आला. ऐन पाळीत फोन म्हणजे वाईटच बातमी, असं समजून ते धावत आले.

“बाबा, कापणारे चालू ठेवले. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा पहारेकऱ्यांनी ओळखलं. सर म्हणतात, आता थांबू नको.”

 देवाजींचे डोळे भरून आले होते आणि समोर क्लार्क बसला होता.

“प्रबंधात तुमचं नाव टाकून राहिली, बाबा.”

“मायं कायले? बाप तं सगळ्याईलेच असते.”

“बाप म्हणून नाही टाकून राहिली,” रत्नमाला म्हणाली.