कूस बदलायला शिकवणारी माय

आम्हा दोघी बहिणींना माय धडधाकट असताना आजारी पाडायची. रविवारी दुपारी जेवणं उरकली की ती खाटेवर चादर अंथरायची आणि थोरल्या सुमनला म्हणायची, "निज. तुझं ऑपरेशन झालंय, हलायचं न्हाई." सुमन हसत आडवी व्हायची. मग तिला न उचलता तिच्या अंगाखालची चादर मी बदलायची. जुनी चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, तिला लागून नवी पसरायची, पेशंटला अलगद पलीकडच्या कुशीवर घ्यायचं आणि जुनी ओढून काढायची. एक सुरकुती राहिली तर माय पुन्हा करायला लावायची.

"सुरकुती तुला दिसती. निजलेल्याला ती रुतती," ती म्हणायची.

माय, म्हणजे गयाबाई, मुखेडच्या सरकारी दवाखान्यात आया होती. वडील लवकर गेले. दिवसभर ती लोकांचं अंग पुसायची, शौचाची भांडी द्यायची, बाळंतिणींना उठवून बसवायची. घरी आली की कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच आमच्याशी बोलायची. लाड करणं तिला जमत नसे. आम्हाला ताप आला तरी कपाळावर हात ठेवण्याआधी ती थर्मामीटर झटकायची.

माझ्या लग्नात रुखवत मांडलं, तेव्हा लाडवांच्या ताटाशेजारी तिनं एक लाल मेणकापड, थर्मामीटर आणि आजाऱ्याला पाणी पाजायचा चोचीचा कप ठेवला. जळकोटची माझ्या सासरची माणसं ते बघून हसली. कुणीतरी विचारलं, "विहीणबाई, हा काय दवाखाना हाय का?"

माय म्हणाली, "हसा. म्हातारपण तुमच्या बी घरला येणार हाय."

मला तेव्हा तिचा फार राग आला होता. महिनाभर मी तिला फोन केला नाही. पुढं चार वर्षांनी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या तीन महिने अंथरुणावर होत्या. मेणकापड मी माळ्यावरून काढलं. सासूबाई कुणाच्याच हातानं पाणी पीत नव्हत्या, सांडायची लाज वाटायची त्यांना. त्या कपानं प्यायल्या. हे मी मायला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चोच गरम पाण्यात उकळून घेत जा."

मी तिच्यासारखी दवाखान्यात लागले नाही. लातूरला एका शाळेत कारकून आहे. मागच्या वर्षी मायला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं तुटक झालं. दवाखान्यातून सोडल्यावर मी तिला लातूरला घेऊन आले.

पहिल्या दिवशी मी तिची कूस बदलायला गेले, तर तिनं डाव्या हातानं माझा हात झटकला. मला वाटलं, दुखलं असेल. पुन्हा हात लावला, पुन्हा झटकला. मग जीभ ओढत म्हणाली, "सांग... आदी."

मला कळलं. आजाऱ्याला हात लावण्याआधी त्याला सांगायचं. मी म्हणाले, "माय, आता डाव्या कुशीवर घेते." तिनं डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं.

तेव्हापासून दर दोन तासांनी मी सांगत राहिले. आता पाय उचलते. आता पाठ पुसते. आता मान वर घेते. माझ्या मनात काही येत नव्हतं. हात काम करत होते आणि तोंड सांगत होतं. नवरा एकदा म्हणाला, "थोडं रडून घे, बरं वाटंल." मी त्याला म्हणाले, "बादली भरली का बघा."

दीड महिन्यानं डॉक्टर घरी तपासायला आले. त्यांनी मायला कुशीवर घेऊन पाठ बघितली, टाचा बघितल्या. "कुठंच जखम नाही," ते म्हणाले. "नर्स चांगली मिळाली तुम्हाला. कुणी शिकवलं तिला?"

मायनं डावा हात उचलला आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. तिच्या वाकड्या तोंडावर आलेलं ते हसू होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती गेली. आम्ही तिला मुखेडला नेलं. अंगणात साड्यांचा आडोसा केला. आंघोळ घालायला बायका जमल्या, पण मी कुणाला पुढं येऊ दिलं नाही. पाणी कोमट करून घेतलं. "माय, आता हात उचलते. आता केस धुते."

देगलूरहून आलेली मावशी हळूच म्हणाली, "संगीता, कुणाला सांगायलीस बाई?"

"मायला," मी म्हणाले.

मी तिला पांढरी साडी नेसवली, नखं बघितली, ओले केस पुसून मागं सारले. बाहेर बौद्धाचार्य येऊन बसले होते. सुमन उंबऱ्याला धरून रडत होती. सगळं करून झालं होतं. पुढं काय करायचं, ते काही मायनं सांगून ठेवलं नव्हतं. मी ओले हात तसेच पुढं धरून उभी राहिले, तेव्हा मावशीनं आपल्या पदरानं ते पुसले आणि मला खाली बसवलं.