सही करणारी मावशी

दवाखान्यात तिला सगळे मावशीच म्हणायचे. बावीस वर्षं तिनं तिथल्या फरश्या पुसल्या. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात.

मग भाचीचं कळलं. सख्ख्या बहिणीची पोर, विसाव्या वर्षी खोकून खोकून अर्धी झाली तेव्हा एचआयव्ही निघाला. गोळ्यांनी जरा बळ आल्यावर ती म्हणाली, "सतराची असताना मी तुमच्याच दवाखान्यात आले होते. आईला घेऊन ये म्हणाले. आईला काय सांगणार होते मी? तू व्हरांडा पुसत होतीस. मी खांबाआड लपले आणि निघून गेले."

बोटाला सुई, थेंबभर रक्त, वीस मिनिटांत निकाल. तेवढ्यासाठी पोरीची तीन वर्षं गेली. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवड्याभरात खिडकीवरचा कारकून एका मुलीला सांगत होता, "अठराच्या आत पालकाची सही लागते." मुलगी मान खाली घालून वळली. मावशीनं पोछा भिंतीला टेकवला.

"मी हिची मावशी. कुठं करायची सही?"

तपासणी करणाऱ्या समुपदेशकानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कागद पुढं सरकवला. मुलीला लागण नव्हती. त्यानं तिला निरोधची पाकिटं दिली, लागण टाळणाऱ्या गोळीबद्दलही समजावलं.

मग भाचरं वाढतच गेली. अकराव्या सहीनंतर मोठ्या डॉक्टरांनी मावशीला बोलावलं.

"किती भाचरं आहेत तुम्हाला?"

"तुम्ही परत पाठवाल तितकी."

"हा खोटेपणा आहे. आणि नियम मी केलेला नाही."

"मग एवढा जिवापाड का जपताय? तपासणीच्या किटचे चार खोके मुदत संपून गेले. मीच उचलून टाकले. पोरं दारातून परत, आणि किट कचऱ्यात. लाज कुणी वाटून घ्यायची, मी?"

दुसऱ्या दिवशी तिची बदली धुलाईखान्यात झाली. समुपदेशक मात्र गप्प बसला नाही. अकरापैकी दोघांना लागण होती आणि दोघांचे उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले होते. हे त्यानं वरच्या कचेरीला लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं. आठ महिन्यांनी नियम बदलला. पंधराच्या पुढच्यांना स्वतःची सही पुरेशी ठरली.

तो धावतच धुलाईखान्यात सांगायला आला. "तुमच्यामुळं झालं, मावशी."

मावशी चादर पिळत होती. "एका कागदाचंच काम होतं ना हे?" ती म्हणाली. "मग माझ्या पोरीच्या वेळी कुठं होता हा कागद?"

चादरीचं दुसरं टोक धरून तो पिळू लागला.