बंद पडलेलं इंजिन ऐकताना

वडिलांची जुनी गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. शेवटी गेल्या महिन्यात ती उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. कार्बोरेटर जुळवावा तर त्यांनीच, असं सगळे म्हणत. नाव मात्र कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते नुसते 'मिस्त्री'.

त्यांनी मला गाडी चालू करायला लावली आणि गॅरेजभर ओरडले, "गप बसा की जरा! ऐकू द्या." हातोडे थांबले. मिस्त्री बॉनेटखाली वाकले, उजवा कान इंजिनाकडे केला, डोळे मिटले आणि कार्बोरेटरचा स्क्रू केसभर, केसभर फिरवू लागले.

इंजिन फुरफुरलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

मिस्त्रींचा हात थांबला नाही. स्क्रू थोडा पुढं, थोडा मागं. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आता ऐका, पावणं," ते डोळे मिटूनच म्हणाले, "कशी मांजरागत घुरघुरतीया!"

एरवी वाटेवरच्या माणसाचीही चूक तोंडावर सांगणारी आम्ही कोल्हापूरची माणसं. पण तेव्हा एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. मी तर वर "व्हय, झकास!" म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. समोर इंजिनाचा पंखा थांबलेला. ते फडक्यानं हात पुसत राहिले, आणि मी जमिनीवरचे ऑइलचे डाग बघत राहिलो. मग पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

"तुमाला ऐकू येतंय न्हवं, पावणं? मग सांगायचं की."